पित्याचा झाकलेला चेहरा

बाळ येशूच्या संत तेरेजेची प्रतिमा आपल्या ख्रिस्ती घरांना नवी नाही. कवेत क्रूस आणि गुलाब घेतलेली ती तरुण कार्मेल संन्यासिनी घरच्या आल्तारावर असते, दिनदर्शिकेवर असते, आजीच्या प्रार्थनापुस्तकातही असते. वयाच्या चोविसाव्या वर्षी ती क्षयाने वारली, 1927 मध्ये तिला मिशनकार्याची आश्रयदात्री म्हणून घोषित करण्यात आले आणि 1997 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला धर्मपंडिता ही पदवी दिली, हे सारे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. तिच्या पित्याविषयी मात्र आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. 18 ऑक्टोबर 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई मार्टिन आणि त्यांची पत्नी झेली यांना संतपद बहाल केले, तेव्हा आदर्श दांपत्य म्हणून त्यांचा गौरव झाला, आणि तो यथार्थच होता. पण या आदर्श पित्याची स्मृती आणि बुद्धी अखेरच्या वर्षांत ढासळत गेली, तो घरातून निघून गेला, तीन वर्षे मनोरुग्णालयात राहिला आणि त्याच्या मुलींना गावाची बोलणी खावी लागली, हा भाग आपण बहुधा घाईने ओलांडतो. आम्हाला तो भागच सांगावासा वाटतो. ज्यांच्या घरात आज एखादे वृद्ध माणूस आपल्याच लेकीला 'तू कोणाची गं?' असे विचारत आहे, त्यांना लिझ्यूच्या त्या घराची ओळख लगेच पटेल.

लुई मार्टिन यांचा जन्म 22 ऑगस्ट 1823 रोजी बोर्दो येथे एका सैनिकाच्या कुटुंबात झाला. तारुण्यात त्यांना आल्प्स पर्वतातील ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठात प्रवेश हवा होता. परंतु लॅटिन येत नसल्याने तो मिळाला नाही. मग ते घड्याळजी झाले आणि नॉर्मंडीतील आलांसों गावी त्यांनी दुकान थाटले. 1858 मध्ये लेस विणण्याचा व्यवसाय करणाऱ्या झेली गेरँ हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना नऊ अपत्ये झाली, त्यांतील चार बालपणीच दगावली. मारी, पोलीन, लेओनी, सेलीन आणि तेरेजा या पाच मुली राहिल्या. 1877 च्या ऑगस्टमध्ये स्तनाच्या कर्करोगाने झेलीचे निधन झाले. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. चोपन्न वर्षांच्या लुईंनी त्याच वर्षी आपला संसार लिझ्यूला हलविला, कारण तेथे झेलीचा भाऊ इसिदोर गेरँ याचे औषधांचे दुकान होते आणि मुलींना मामा-मामीचा आधार मिळणार होता. हा मामा पुढील कथेत वारंवार येतो. त्याच्यावर काही चरित्रकार कठोर टीका करतात. आमच्या मते ती पुरती न्याय्य नाही.

घड्याळ दुरुस्त करणारा, नदीकाठी गळ टाकून तासन् तास बसणारा, रविवारी दुकान न उघडणारा हा शांत गृहस्थ. मुली त्याला लाडाने 'राजा' म्हणत, आणि धाकटी तेरेजा ही त्याची 'राणी'. एकेक मुलगी त्याला सोडून मठात गेली. पोलीन 1882 मध्ये, मारी 1886 मध्ये. 1 मे 1887 रोजी सकाळी त्याला पक्षाघाताचा पहिला झटका आला आणि डाव्या अंगावर त्याचा परिणाम झाला. झटका सौम्य होता, तो सावरला. त्याच महिन्याच्या अखेरीस, पेंटेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, चौदा वर्षांच्या तेरेजेने बागेत त्याच्याजवळ मठात जाण्याची परवानगी मागितली आणि त्याने ती दिली. नोव्हेंबरात तो तेरेजा आणि सेलीन यांना घेऊन रोमच्या यात्रेलाही गेला. आजार आतून सरकत असतो आणि माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. ज्या घरांनी असे दुखणे पाहिले आहे त्यांना ही सुरुवातीची फसवी वर्षे ठाऊक असतात. एखादे नाव आठवत नाही, एखादी वस्तू भलत्याच जागी ठेवली जाते, स्वभावात थोडा उतावीळपणा येतो. घरचे हसून सोडून देतात.

9 एप्रिल 1888 रोजी तेरेजा कार्मेल मठात दाखल झाली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, 23 जूनला, लुई मार्टिन घरातून नाहीसे झाले. कोणाला काही न सांगता ते निघाले होते. एकांतात जाऊन संन्यस्त जीवन जगावे अशी काहीतरी कल्पना त्यांच्या मनाने घेतली होती. घरी सेलीन आणि लेओनी, मठात तिघी बहिणी. पाचही जणी अक्षरशः दिवस मोजत होत्या. ल हाव्र या बंदरावरून त्यांचा निरोप आला, तेव्हा सेलीन मामाबरोबर तिकडे गेली आणि 27 जूनला ते सापडले. दुर्दैव असे की त्याच दिवसांत त्यांच्या लिझ्यूतील घराशेजारच्या घराला आग लागली होती. सेलीन तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढील सहा वर्षे या आजाराचा भार मुख्यतः तिनेच वाहिला. म्हणून आमच्या दृष्टीने या हकीगतीची नायिका तेरेजा नसून सेलीन आहे.

ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरच्या अखेरीस लुईंची प्रकृती बिघडली. तेरेजेचा व्रतवस्त्र स्वीकारण्याचा विधी त्यामुळे लांबणीवर पडला. अखेर 10 जानेवारी 1889 रोजी तो झाला आणि त्या दिवशी मात्र पिता पूर्ण भानावर होता. त्याने आपल्या राणीचा हात धरून तिला आल्तारापर्यंत नेले. तेरेजेला बर्फ फार आवडे आणि त्या दिवशी अंगण पांढरे झाले होते. तिने पुढे त्या दिवसाला आपल्या पित्याचा विजयोत्सव मानले आहे. कारण तो त्याचा अखेरचा सण ठरला. महिन्याभरातच त्याला भास होऊ लागले. लढाई सुरू आहे, शत्रू चालून येत आहे, असे वाटून मुलींच्या रक्षणासाठी त्याने पिस्तूल हाती घेतले. घरात दोन तरुण मुली आणि मोलकरीण होती. मामाने धावत येऊन पिस्तूल काढून घेतले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने 12 फेब्रुवारी 1889 रोजी लुईंना काँ शहरातील बों सोव्हर या धर्मभगिनींच्या मनोरुग्णालयात दाखल केले. मामावर टीका करणाऱ्यांनी हे पिस्तूल विसरू नये, असे आम्हाला वाटते.

त्या काळी 'वेड्यांचे घर' हा शब्द कुटुंबाच्या कपाळावर डाग लावणारा होता. लिझ्यू हे लहान गाव. पोरी एकामागून एक मठात गेल्या, धाकटी तर पंधराव्या वर्षीच गेली. त्या दुःखानेच बापाचे डोके फिरले, असे लोक बोलू लागले. हे बोलणे मठाच्या भिंतीआडही पोहोचत होते. नव्याने व्रतवस्त्र घेतलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने हे ऐकून काय सोसले असेल? आजाराचे कारण कळत नाही, तेव्हा समाज ते कुटुंबाच्या वागण्यात शोधतो, आणि बहुतेक वेळा ते मुलींच्या किंवा सुनांच्या पदरात टाकतो. ही रीत केवळ नॉर्मंडीची नव्हे.

सेलीन आणि लेओनी काँ येथे जाऊन राहिल्या. संत विन्सेंट डी पॉल यांच्या धर्मभगिनींकडे त्यांनी खोली घेतली. रुग्णालय जवळच होते. पण पित्याची भेट आठवड्यातून एकदाच मिळे. तरीही त्या रोज दारापर्यंत जाऊन विचारपूस करीत. असे तीन महिने गेले. मे महिन्यात त्या लिझ्यूला मामाच्या घरी परतल्या आणि तेथून दर आठवड्याला आगगाडीने येत राहिल्या. जूनमध्ये आणखी एक घाव बसला. मालमत्तेचा कारभार सोडल्याच्या कागदावर लुईंची सही घेण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने ते आवश्यक असेलही. परंतु ते नेमके भानावर असताना हे घडले, आणि आपल्याच मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही या विचाराने ते रडले, असे सांगितले जाते. वर्षअखेरीस लिझ्यूच्या घराचा भाडेकरार संपला आणि घरही गेले. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला सदोदित काहीच कळत नसते, हा मोठा गैरसमज आहे. मधूनच ढग सरकतात आणि आपले काय झाले आहे ते त्याला लख्ख दिसते. शुश्रूषा करणाऱ्याला ते क्षण भ्रमाच्या तासांपेक्षाही जड जातात. रुग्णालयात असताना लुई अशा शुद्धीच्या वेळी नम्रपणे वागत, आजवर आपण आज्ञा करीत आलो, आता आज्ञा पाळायला शिकत आहोत, अशा अर्थाचे बोलत, अशी आठवण कार्मेलच्या परंपरेत जपली आहे.

या वर्षांत पाच बहिणींना कोणी आधार दिला? मुख्यतः त्यांनीच एकमेकींना. मठातील तिघी आणि बाहेरच्या दोघी यांच्यातील पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. तेरेजेच्या पत्रांतील सर्वांत उत्कट पत्रे सेलीनला लिहिलेली आहेत आणि त्यांतील पुष्कळशी पित्याच्या आजाराच्या काळातील आहेत. त्यांत उपदेश आहे, अतिशय उंच आध्यात्मिक भाषा आहे, कधी कधी आजच्या वाचकाला ती जडही वाटेल. परंतु आम्हाला त्या पत्रांत एक साधी गोष्ट दिसते. ज्या दुःखाविषयी गावात तोंड उघडता येत नव्हते, मामाकडे बोलले तर त्याला आणखी क्लेश होत होते, ते दुःख दोन बहिणी एकमेकींपाशी नाव घेऊन बोलत होत्या. मठाच्या जाळीपलीकडे असल्याने तेरेजा पित्याच्या तोंडात पाण्याचा घोटही घालू शकत नव्हती. सेलीन रोज ते करू शकत होती, पण थकत होती. एकीपाशी हात नव्हते आणि दुसरीपाशी शब्द नव्हते.

तेरेजेने आपल्या नावाला 'पवित्र चेहऱ्याची' अशी जोड दिली, तीही याच काळात. प्रभू येशूच्या दुःखसहनातील झाकलेल्या, ओळखू न येणाऱ्या चेहऱ्याची भक्ती त्या वेळी फ्रान्समध्ये प्रचलित होती. परंतु तिला तिचा अर्थ पित्याच्या आजारातून उमगला. आत्मचरित्रात ती बालपणीचा एक प्रसंग सांगते. पिता परगावी गेला असता तिने खिडकीतून बागेत त्याच्यासारखाच एक माणूस पाहिला. तोच बांधा, तीच चाल, पण कंबरेत वाकलेला आणि डोक्यावर फडके घेतलेला. तिने घाबरून हाक मारली. घरच्यांनी बागेत शोध घेतला, कोणी सापडले नाही. तो दृष्टांत काय होता, हे तिला आणि मारीला पुष्कळ वर्षांनी कळले. आजारात लुई खरोखरच आपला चेहरा झाकून घेत असत. या प्रसंगाचा मानसशास्त्रीय उलगडा कोणी काहीही करो. ओळखीच्या माणसाचा चेहरा समोर असून दिसेनासा होणे याचे इतके नेमके चित्र आमच्या वाचनात दुसरे नाही.

10 मे 1892 रोजी लुईंना घरी आणण्यात आले. त्यांचे पाय आता लुळे पडले होते, त्यामुळे निघून जाण्याची भीती उरली नव्हती. केवढे विचित्र समाधान हे! दोन दिवसांनी त्यांना कार्मेल मठात नेले. तिन्ही मुलींना पिता एकत्र दिसला आणि तो शेवटचाच. निरोप घेताना त्यांना बोलणे जमेना. त्यांनी वर बोट दाखवून स्वर्गात भेटू एवढेच सुचविले. त्यानंतरची दोन वर्षे घरी गेली. चाकाच्या खुर्चीतून बागेत नेणे, भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे, रात्री जागणे. नोकरमाणसांच्या मदतीने हे सारे सेलीन करीत होती. लेओनीने तिला साथ दिली. पुढे 1893 च्या जूनमध्ये तीही काँ येथील व्हिजिटेशन मठात गेली. उन्हाळ्यात मामा त्यांना एव्ह्रूजवळच्या ला म्युस येथील आपल्या वाड्यात नेई. तेथेच रविवार, 29 जुलै 1894 रोजी लुई मार्टिन यांनी देह ठेवला. सेलीन उशाशी होती. दीड महिन्याने, 14 सप्टेंबरला, तिनेही कार्मेलचा दरवाजा ठोठावला. पित्यासाठी सहा वर्षे थांबलेली ही मुलगी तेव्हा पंचवीस वर्षांची होती.

लुईंच्या आजाराची नोंद मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होणे अशी आहे. वारंवार झटके, प्रत्येक झटक्यानंतर एक पायरी खाली, मध्ये थोडी उसंत, हा क्रम पाहता आजचे डॉक्टर बहुधा त्याला रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा स्मृतिभ्रंश म्हणतील. त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, 25 नोव्हेंबर 1901 रोजी, फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉ. आलोईस अल्झायमर यांनी आउगुस्ट डेटर नावाच्या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीची तपासणी सुरू केली. तिला आपले आडनाव लिहिता येईना, नवऱ्याचे नाव सांगता येईना. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता आणि रुग्णालयाचा खर्च भागविताना त्याची ओढाताण होत होती. त्याच्याविषयी कोणी फार लिहिलेले नाही. 8 एप्रिल 1906 रोजी ती वारली. मग अल्झायमर यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून 3 नोव्हेंबर 1906 रोजी ट्युबिंगेन येथील सभेत ते मांडले. सभेने त्याकडे लक्ष दिले नाही. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. पण तो तुलनेने कमी वयात येणारा दुर्मीळ रोग आहे अशीच समजूत पुढे साठ-पासष्ट वर्षे टिकली. म्हाताऱ्यांचे विसरणे हे म्हातारपणच मानले गेले. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आणि 'म्हातारचळ' म्हणून आपण ते हसण्यावारी नेले, आणि केरळात त्याला पोरकटपणा या अर्थाचा 'चिन्नन' हा शब्द होता. 1976 मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या लेखात दाखवून दिले की वृद्धांचा स्मृतिभ्रंश आणि अल्झायमरचा रोग यांत भेद करण्यासारखे काही नाही. हा रोग सर्रास आढळणारा आणि प्राणघातक आहे.

येथे थोडे विषयांतर. बेल्जियममधील गेल या गावी संत डिम्फ्ना हिच्या मंदिरात मनोरुग्णांना आणण्याची प्रथा मध्ययुगापासून होती. मंदिरात जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी रुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतले आणि शतकानुशतके ते चालू राहिले. 1938 च्या सुमारास साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तेथील कुटुंबांत राहत होते. आता ती संख्या फार घटली आहे, तरी प्रथा टिकून आहे, आणि 2023 मध्ये युनेस्कोने वारसा जतनाचा चांगला प्रयोग म्हणून तिची नोंद केली. लुई मार्टिन भिंतींआड होते त्याच वर्षांत गेलमधील शेतकऱ्यांच्या जेवणाच्या टेबलाशी असे रुग्ण बसत होते. त्या गावात लाज नव्हती, कारण प्रत्येक शेजाऱ्याच्या घरी तेच होते.

शेजाऱ्याच्या घरीही तेच आहे, हे कळणे किती मोठे असते याचा अनुभव जगाला 1970 नंतर आला. कॅनडात 1978 मध्ये, ब्रिटनमध्ये 1979 मध्ये आणि अमेरिकेत 1980 मध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांनी पुढाकार घेऊन अल्झायमर संस्था उभ्या केल्या. अमेरिकेतील संस्थेचे पहिले अध्यक्ष जेरोम स्टोन हे डॉक्टर नव्हते, उद्योगपती होते. त्यांची पत्नी या रोगाने आजारी होती. 1984 मध्ये अशा राष्ट्रीय संस्थांचा जागतिक संघ झाला. त्याचे अध्यक्षपद पुढे यास्मिन आगाखान यांनी भूषविले. त्यांची आई म्हणजे हॉलिवूडची विख्यात अभिनेत्री रिटा हेवर्थ. तिला संवाद आठवेनात, ती भलतेच वागू लागली, तेव्हा वृत्तपत्रांनी दारूचे व्यसन असा शिक्का मारला. रोगाचे खरे नाव कळायला 1980 उजाडले. 1987 मध्ये ती वारली, तोपर्यंत लेकीनेच तिला सांभाळले. लिझ्यूत दोष मुलींच्या मठप्रवेशाला दिला गेला, न्यूयॉर्कमध्ये मद्याला. शतक बदलले, समाजाची खोड तीच.

भारतात हे काम केरळातून सुरू झाले. 1992 मध्ये कुन्नमकुळम येथे डॉ. जेकब रॉय यांनी अल्झायमर आणि संबंधित विकारांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. 1998 मध्ये जागतिक संघाची परिषद कोचीनला भरली, तेव्हा तेथे '10/66' नावाचा संशोधकांचा गट जन्माला आला. नाव आकड्यांचे, पण त्यात एक तक्रार आहे: जगातील 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचे संशोधन 10 टक्क्यांहूनही कमी. या गटाच्या प्रेरणेने केरळात आणि गोव्यात घरोघरी जाऊन विचारपूस झाली. केरळातील घरांत रुग्ण मुद्दाम त्रास देतो आहे असे समजणारे नातेवाईक भेटले. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी या लक्षणांची दोन कारणे दिली होती: एक वय, आणि दुसरे मुलांनी केलेली आबाळ. म्हणजे जी सून रात्रभर जागते तिच्याकडेच गाव संशयाने पाहते. ती दिवसा कोणाशी बोलणार?

गोव्यातील मंडळी निदान करून थांबली नाहीत. तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांवर एक प्रयोग केला आणि 2008 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी मोठे रुग्णालय बांधले नाही, महाग औषध आणले नाही. स्थानिक, साध्या शिक्षणाच्या माणसांना आठवडाभर प्रशिक्षण देऊन गृहसल्लागार केले. ते निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा जात. हा आजार आहे, हट्ट नव्हे, हे समजावीत. चिडलेल्या रुग्णाशी कसे बोलावे, अंघोळ कशी घालावी, रात्री भटकणे कसे आवरावे हे सांगत. सरकारी योजनांची माहिती देत. आणि अशाच दुसऱ्या कुटुंबांशी गाठ घालून देत. मानसोपचारतज्ज्ञ गरजेपुरता येई. रुग्णांचा आजार अर्थातच बरा झाला नाही. प्रयोगाच्या काळातच 18 रुग्ण निवर्तले. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य मात्र दुसऱ्या निम्म्यांच्या तुलनेत निश्चितपणे सुधारलेले आढळले.

आज आपल्या देशात साठ वर्षांवरील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. शंभरात सातांहून अधिक. यावर धर्मशिक्षण काय सांगते, असे वाचक विचारतील. बेन सिराच्या ग्रंथाचा तिसरा अध्याय काढून पाहावा. पित्याच्या वार्धक्यात त्याला आधार द्यावा एवढेच सांगून तो ज्ञानी पुरुष थांबत नाही. पित्याची बुद्धी गेली तरी त्याच्याशी सौम्यपणे वागावे, असे तो स्पष्ट म्हणतो. ख्रिस्तापूर्वी जवळपास दोनशे वर्षे कोणाच्या तरी घरात हे दुखणे होते आणि लेकरू चिडत होते, म्हणूनच तर ते लिहावे लागले. रुग्णाभ्यंगाविषयीही एक गैरसमज आढळतो. माणसाला आता काही कळत नाही, मग संस्कार कशाला, असे म्हणून धर्मगुरूंना बोलावले जात नाही. धर्मसभेच्या कायद्याचे 1006 वे कलम वेगळे सांगते: शुद्धीवर असताना ज्याने निदान अप्रत्यक्षपणे हा संस्कार इच्छिला असता, त्याला तो द्यावा. जन्मभर रविवारची मिस्सा न चुकविणाऱ्या माणसाची इच्छा आणखी कोणत्या शब्दांत हवी? लुई मार्टिन यांना मृत्यूपूर्वी दोन महिने, 1894 च्या मे अखेरीस, हा संस्कार मिळाला होता.

लुईंच्या संतपदाची प्रक्रिया 1957 मध्ये सुरू झाली. सेलीन तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती आणि पित्याच्या आठवणींचे तिचे पुस्तक प्रसिद्ध होऊन थोडीच वर्षे झाली होती. धर्मसभेपुढे प्रश्न होता तो सद्गुणांच्या वीरवृत्तीचा. ज्याचे भान जात-येत होते, त्याच्या अखेरच्या वर्षांचे मोल कसे करायचे? तेरेजेने स्वतः त्या तीन वर्षांना आपल्या कुटुंबाचा सर्वांत मोलाचा ठेवा मानले होते. 1994 मध्ये लुईंना 'वंदनीय' घोषित केले गेले आणि 2008 मध्ये 'धन्यवादित'. आजार त्यांच्या आड आला नाही.

आपल्या पुष्कळ धर्मग्रामांत संत विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद आजाऱ्यांच्या भेटीला जातात. कोणत्या घरात विसरभोळे आजोबा आहेत, कोणाची आई रात्री दार उघडून रस्त्यावर येते, हे त्यांना ठाऊक असते. सप्टेंबरच्या 21 तारखेला 1994 पासून जागतिक अल्झायमर दिन पाळला जातो. जुलैच्या चौथ्या रविवारी, संत अन्ना आणि योआकीम यांच्या सणाच्या आसपास, पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये सुरू केलेला आजी-आजोबांचा दिवस असतो. त्यांपैकी एखाद्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहात अशा घरांतील माणसांना तासभर बोलावता येईल. भाषण नको, पाहुणे नकोत. कोणी बोलले तर बोलावे, नाही तर चहा घेऊन उठावे. मात्र त्यांना घर सोडून येता यावे, यासाठी तेवढा तास त्यांच्या रुग्णांजवळ बसायला कोण जाणार, हे आधीच्या आठवड्यात ठरवून ठेवावे लागेल.